आलमारीचा जुना रंग खरवडण्याआधी

पाऊस नुकताच उघडला होता. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या वस्तीत आम्ही गरोदर बायांची विचारपूस करत फिरत होतो. गल्लीत शिरताच ऑइल पेंटचा वास आला. पावसाळा संपला की धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी घर साफ करायचं, भिंतींना चुना नाहीतर डिस्टेंपर मारायचा, आणि हातात चार पैसे उरले तर स्वयंपाकघरातल्या आलमारीवरही एक हात फिरवायचा, ही आपल्या वस्त्यांमधली रीतच आहे. चांगली रीत आहे. घर लहान असलं तरी ते नेटकं असावं, हे आपल्या मायबहिणींनी कधी कोणाकडून शिकलेलं नाही.

वासाच्या मागे मागे आम्ही एका घरकुलात गेलो. चुलीच्या खोलीत लोखंडी आलमारी उभी होती. कोण्या कचेरीतून भंगारात गेलेली, आणि भंगारवाल्याकडून घरात आलेली. पाचवा महिना लागलेली एक मुलगी खाली बसून तिचा रंग खरवडत होती. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात कोरडा खरकागद. वरचा रंग हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली शेंदरी. फरशीवर तिन्ही रंगांचे पापुद्रे पडले होते, आणि दीड वर्षाचं लेकरू ते ओल्या तळव्याला चिकटवून पाहत होतं. मग तळवा तोंडात जात होता.

आम्ही म्हटलं, "थांब बाई. आधी लेकराला उचल."

ती दचकली. "काऊन जी सिस्टर? जुनाच तर कलर आहे."

"जुना आहे म्हणूनच," आम्ही म्हटलं.

तिचा प्रश्न बरोबर होता. नव्या रंगाला वास येतो, म्हणून त्याची भीती वाटते. जुना रंग वाळलेला, बिनवासाचा, वर्षानुवर्षं डोळ्यासमोरचा. त्यात काय असणार? त्या दिवशी तिला आम्ही घाईत जे सांगितलं, ते सगळ्या घरांसाठी आता सविस्तर लिहितो आहोत.

जुन्या रंगात काय असतं?

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. शिशामुळे रंग लवकर वाळतो, चकाकतो आणि पाण्याला टिकतो, म्हणून कारखाने ते घालत. पिवळा, शेंदरी, लाल आणि हिरवा या भडक रंगांत ते विशेष असे, कारण शिशाच्या क्रोमेटचा रंगच पिवळा ते शेंदरी असतो. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी जो शेंदरी हात मारत, तो पुष्कळदा सरळ शेंदूरच असे. शेंदूर म्हणजे शिशाचंच एक रूप.

हे ज्ञान काही आजचं नाही. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत घराच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरण्यावर बंधन घालणारा करार झाला. अमेरिकेने १९७८ मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणली. आपल्याकडे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नियम काढले ते १ नोव्हेंबर २०१६ ला, आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. या नियमांप्रमाणे घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं असता कामा नये. म्हणजे एक किलो रंगात जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. त्याआधीच्या काही रंगांत हे प्रमाण हजारोंच्या घरात होतं.

ते रंग अजून आपल्या घरात आहेत. आपल्याकडे आलमारी नवी येत नाही. ती कचेरीतून, शाळेतून, मोठ्या घरातून उतरत उतरत आपल्यापर्यंत येते, आणि अंगावर तीस-चाळीस वर्षांचे थर घेऊन येते. जुनी दारं, खिडक्या, पलंग, पाळणे यांचंही तसंच. म्हणून आमचा साधा नियम असा: २०१७ च्या आधीचा ऑइल पेंट असेल किंवा वय माहीतच नसेल, तर त्यात शिसं आहे असं धरूनच हात लावायचा. नुसतं पाहून किंवा वास घेऊन शिसं ओळखता येत नाही.

शिसं शरीरात काय करतं?

भिंतीवर किंवा आलमारीवर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. तो सुटला, त्याची भुकटी झाली, की धोका सुरू होतो. ही धूळ फरशीवर, भांड्यांवर, आईच्या पदरावर बसते आणि हातातून तोंडात जाते. लहान मूल रांगतं, हात चोखतं. शिवाय पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाचं शरीर शोषून घेतं, त्याच्या चार-पाच पट भाग लहान मुलाचं शरीर शोषतं.

शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. मूल चिडचिडं होतं, त्याचं लक्ष लागत नाही, ते शिकण्यात मागे पडतं. भूक मंदावते, पोट दुखतं, शौचाला घट्ट होतं, चेहरा पांढुरका पडतो. प्रमाण फार वाढलं तर झटके येतात, जिवावर बेततं. पण बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मेंदूचं झालेलं नुकसान नंतर भरून निघत नाही. रक्तात इतकं शिसं असलं तर चालतं, अशी कोणतीही सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गरोदर बाईचा धोका दुहेरी. शिसं नाळेतून बाळापर्यंत पोचतं. गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, हे सगळं त्यातून होऊ शकतं. शिवाय शिसं हाडांत साठून राहतं, आणि पोटातल्या बाळासाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं तेव्हा साठलेलं शिसंही सोबत बाहेर येतं. म्हणजे मुलगी लहानपणी ज्या धुळीत खेळली, ती धूळ तिच्या बाळापर्यंत जाऊ शकते.

आता आपल्या वस्तीचं सांगतो. शिसं रक्त तयार होण्याच्या कामात अडथळा आणतं. आणि ज्याच्या अंगात लोह व कॅल्शियम कमी, त्याचं शरीर शिसं जास्त शोषतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये, आणि १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी सुमारे ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी म्हणून शिसं जास्त शिरतं, आणि शिसं शिरलं म्हणून रक्त आणखी कमी होतं. जुनी आलमारी आणि रिकामं पोट एकाच घरात असतं, हे आम्ही विसरू शकत नाही. पोरगं अभ्यासात मागे का, याची कारणं आपण मास्तरात शोधतो, मोबाइलमध्ये शोधतो. एखादं कारण चुलीच्या खोलीतही असू शकतं.

खरवडायचं की नाही?

पहिला सल्ला: रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडूच नका. ओल्या फडक्याने साबण लावून तेलकटपणा काढा, आलमारी वाळू द्या आणि जुन्या रंगावरच नवा हात मारा. घट्ट रंगावर नवा हात बसला की जुनं शिसं आत झाकलं जातं. कित्येक घरांत तर साबणाच्या पाण्याने आलमारी धुतली तरी ती नव्यासारखी दिसते आणि रंगाचा खर्चच वाचतो.

रंग सुटत असेल, गंज आला असेल, तर तेवढ्याच जागेचा सुटा रंग काढावा लागतो. तो असा काढा:

१. शक्य असेल तर आलमारी अंगणात न्या. सिमेंटच्या फळ्या किंवा भिंतीतली आलमारी असेल तर सगळी भांडी, पीठ-मिठाचे डबे, पाण्याची गुंडी आधी दुसऱ्या खोलीत हलवा.

२. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी शेजारी किंवा माहेरी. "मी दारातच बसते" हे चालत नाही. धूळ दारात थांबत नाही.

३. खाली जुनी प्लास्टिकची ताडपत्री किंवा खताच्या पोत्यांचं प्लास्टिक अंथरा.

४. कोरडा खरकागद वापरू नका. रंगारी ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो घ्या आणि पाण्यात बुडवून घासा. जागा सतत ओली ठेवा. ओली भुकटी उडत नाही, फडक्याने टिपता येते.

५. घासायची मशीन नको. ब्लो लँपने किंवा आगीने रंग जाळणं तर मुळीच नको. तापलेल्या शिशाची वाफ सरळ फुप्फुसात जाते.

६. तोंडाला नुसता रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. करोनाच्या काळातला चांगला एन-९५ मास्क घरात असेल तर तो घट्ट लावा. काम करताना बिडी, खर्रा, चहा काही नाही. हात धुतल्याशिवाय तोंडाजवळ काहीच न्यायचं नाही.

७. काम झालं की ताडपत्री आतल्या बाजूला गुंडाळून बांधा. फरशी झाडू नका. झाडल्याने धूळ वर उठते. साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, मग साध्या पाण्याने एकदा. पुसायचं फडकं पुन्हा भांड्यांना वापरू नका.

८. कामाचे कपडे वेगळे धुवा, अंघोळ करा, मगच लेकराला जवळ घ्या.

निघालेले पापुद्रे नाल्यात, परसबागेत किंवा कोंबड्या चरतात तिथे टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून कचरागाडीत द्या. गाडी येत नसेल तर विहिरीपासून, बोअरवेलपासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर ठेवा.

रंगवलेलं लाकूड चुलीत नको

ही गोष्ट आम्ही कितीदा तरी पाहिली आहे. जुनी चौकट मोडली, आलमारीचं लाकडी दार कुजलं, की ते फोडून चुलीत जातं. सरपण विकत घ्यावं लागतं, त्यामुळे कोणी लाकूड फेकत नाही. पण रंगवलेलं लाकूड जाळलं की त्यातलं शिसं काही धुरात जातं आणि बाकीचं राखेत उरतं. आणि चुलीची राख आपण कशाला वापरतो? भांडी घासायला. कोणी दातांनाही लावतं. वाफ्यात टाकतं, तिथेच मुनगा आणि पालक लावतं.

म्हणून रंगाचा एकही पापुद्रा असलेलं लाकूड चुलीत घालू नका, अंघोळीचं पाणी तापवायलाही नको. जाळायचंच तर बिनरंगाचं लाकूड जाळा.

नवा रंग घेताना

दुकानात गेलं की आपण आधी किंमत विचारतो. त्यात गैर काही नाही. पण पैसे देण्याआधी डबा हातात घेऊन फिरवून पाहा. डब्यावर शिसं ९० भागांपेक्षा जास्त नाही असं लिहिलेलं असायला हवं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष हवं. हे नसेल तर तो डबा परत द्या. सुटा रंग, दुसऱ्याच्या डब्यात ओतून दिलेला रंग, गोदामात पडून राहिलेला जुना डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. यंत्रांना आणि गाड्यांना मारायचे औद्योगिक रंग या नियमात येत नाहीत. ते घरासाठी आणू नका.

लोखंडी आलमारीला आधी प्रायमर लागतो. रेड ऑक्साईड म्हणजे लोखंडाचा गंजरंग, त्यात स्वतः शिसं नसतं. पण काही प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असतं आणि ते कर्करोगाला कारण ठरणारं द्रव्य आहे. डब्यावर क्रोमेट शब्द दिसला तर दुसरा प्रायमर मागा. लांबी भरली असेल तर तीही ओलीच घासा.

आता पाण्यात मिसळणारे इनॅमल रंगही मिळतात. त्यांना थिनर लागत नाही, वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो. थोडे महाग पडतात, पण थिनरचे पैसे वाचतात, आणि खिडकी नसलेल्या चुलीच्या खोलीत तर तेच बरे. आलमारीला फार रंग लागत नाही. गुळगुळीत पत्र्यावर एक लिटर रंग एका हातात साधारण दहा चौरस मीटर पुरतो. म्हणून मोठा डबा आणून उरलेला रंग वर्षभर खाटेखाली ठेवू नका.

रंग फक्त बाहेरून मारा. ज्या फळीवर भाकरीचं टोपलं, चिरलेली भाजी उघडी ठेवली जाते तिला आतून रंग नको. तिथे स्टीलचं ताट किंवा धुतलेलं कापड घाला. वर्तमानपत्राच्या कागदावर गरम पोळी-भाकरी ठेवू नका. त्याची शाई अन्नाला लागते.

सिमेंटच्या फळ्यांना चुना पुरेसा आहे. स्वस्त आहे, बुरशीही धरत नाही. पण कळीचा चुना भिजवताना उसळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पाण्यात चुना थोडा थोडा टाका, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात उडालाच तर चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याची धार डोळ्यात सोडा, निदान अर्धा तास, आणि तसंच दवाखान्यात जा.

थिनरची बाटली

आम्ही वॉर्डात नोकरीला होतो त्या काळची गोष्ट. दोन वर्षांचा मुलगा रात्री आणला. घरी रंगकाम चाललेलं. रंगाऱ्याने उरलेलं थिनर थंड पेयाच्या बाटलीत ओतून ओट्यावर ठेवलं होतं. मुलाला वाटलं सरबत. घोटभरच प्यायला असेल. आजीने घाबरून मिठाचं पाणी पाजलं आणि बोट घालून उलटी करवली. म्हातारीने जे ऐकलं होतं तेच केलं. पण उलटी होताना थिनर फुप्फुसात उतरलं. लेकराचा श्वास रात्रभर भात्यासारखा चालला होता. चौथ्या दिवशी ते वाचलं असं डॉक्टर म्हणाले. आजी वॉर्डाच्या दारात बसून एकच विचारत होती, "माह्याच हातानं झालं का जी बाई?" आम्हाला तिच्याशी खोटं बोलता आलं नाही आणि खरंही सांगता आलं नाही. तिचा हात धरून बसलो. आज लिहितो आहोत ते त्या आजीसाठीही.

म्हणून पाठ करून ठेवा. थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल कोणी प्यायलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, दूध नको. तोंड पुसा, कपड्यावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, मुलाला कडेवर बसतं ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखान्यात न्या. बाटली सोबत घ्या. मूल वरून बरं दिसलं तरी न्या, कारण खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते. आणि थिनर नेहमी त्याच्याच डब्यात, झाकण लावून, उंचावर. खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच नाही.

थिनरची दुसरी खोड म्हणजे आग. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या चुलीलाही पकडते. रंगकामाच्या दिवशी त्या खोलीत चूल नाही, गॅस नाही. रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर. बिडी-काडी नाही, डासांची अगरबत्ती नाही. एकाच खोलीचं घर असेल तर त्या दिवशी बुद्धमूर्तीसमोरची मेणबत्ती-अगरबत्तीही नको, फुलं पुरेत. जेवण शेजारून येऊ द्या; आपल्या वस्तीत एका दिवसाचं जेवण कोणी नाही म्हणत नाही. रंगाने, तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल लागलेली फडकी तर आपोआप तापून पेटतात. ती बाहेर पसरून वाळू द्या.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाका आणि दवाखान्यात जा.

वास, दमा आणि सिकलसेल

रंगाच्या वासाने डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं म्हणजे शरीर सांगतं आहे की बाहेर जा. ताबडतोब उघड्यावर जावं. एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. तिच्यावर उपाय एकच, वाहती हवा. दार-खिडकी उघडी ठेवा, शक्य असेल तर पंखा खोलीतली हवा बाहेर फेकेल असा लावा. पावसाळ्यात म्हणूनच रंग काढू नये. दारं बंद राहतात आणि रंगही वाळत नाही. ऑइल पेंट वरून एका रात्रीत वाळतो, पण वास काही दिवस राहतो. वास पूर्ण जाईपर्यंत त्या आलमारीत धान्य-पीठ ठेवू नका आणि त्या खोलीत कोणी झोपू नका. दमा असलेल्याने आणि तान्ह्या बाळाने तर नाहीच.

विदर्भात, आणि आपल्या समाजातही, सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांनी बंद खोलीत, उन्हातान्हात, पाणी न पिता हे काम करू नये. शरीरातलं पाणी कमी झालं, दम लागला, की वेदनांचा झटका येऊ शकतो. आणखी एक: सिकलसेलच्या रुग्णाने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं. बाकी गरोदर बायांनी आणि मुलांनी मात्र आशाताई, अंगणवाडीताई देतात त्या गोळ्या-औषध चुकवू नये.

पोटभर जेवण हेही शिशाविरुद्धचं संरक्षण आहे. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. मुनग्याची पानं, पालक, तीळ, डाळी, अंडी, आपल्या तलावांतले काट्यासकट खाता येणारे बारीक मासे, सुके झिंगे, आणि सोबत लिंबू किंवा आवळा. हे खाल्ल्याने अंगातलं शिसं निघून जात नाही, पण नवं शिसं कमी शिरतं.

मुलाने पापुद्रे खाल्लेत अशी शंका असेल तर डॉक्टरांना तेच शब्दांत सांगा: "जुन्या रंगाचे तुकडे खाल्ले, शिसं तपासायचं आहे का?" रक्तातलं शिसं मोजण्याची तपासणी साध्या रक्ततपासणीत होत नाही, ती वेगळी मागावी लागते आणि नमुना मोठ्या शहराच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. शिसं काढण्याचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. कोणाच्या सांगण्यावरून काढे, भस्मं देऊ नका. काही भस्मांत स्वतःच शिसं असतं.

रंगारी दादांसाठी

आपल्या वस्तीतले कितीतरी भाऊ नागपूर-भंडाऱ्याला रंगकामाला जातात. एक दिवस आलमारी रंगवणाऱ्याला हे सगळं सांभाळायचं, तर रोज हेच काम करणाऱ्याने किती सांभाळावं? रंगाऱ्याचा व्यवसाय कर्करोगाचा धोका वाढवणारा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवून ठेवलं आहे. हात थिनरने किंवा रॉकेलने धुऊ नका. कातडीतून ते आत जातं. गोडं तेल चोळून मग साबणाने धुवा. कामाचे कपडे घरी आणून लेकराला उचलू नका. ठेकेदाराकडे मास्क आणि हातमोजे मागा. मागायला लाजू नका.

बांधकाम कामगारांत रंगकाम करणारेही येतात. १८ ते ६० वर्षं वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला मदतीच्या योजना तिथे आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते आणि कामगाराच्या तब्येतीचा प्रश्न कायद्यात आणण्यासाठी झटले. तो हक्क नोंदणीच्या कागदाअभावी आपण सोडून द्यावा हे बरं नाही.

आपल्या घरापलीकडे

आपल्या घरची आलमारी आपण सांभाळू. पण आपली मुलं दिवसभर अंगणवाडीत असतात, शाळेच्या जुन्या बाकांवर बसतात, विहाराच्या लोखंडी दाराला लोंबकळतात. तिथेही दरवर्षी रंग निघतो आणि तो बहुतेक वेळा कोरडाच खरवडला जातो, मुलं खेळत असतानाच. पुढच्या ग्रामसभेत दोन वाक्यं बोला: रंग ९० भागांच्या आतल्या शिशाचाच घ्या आणि डबा आम्हाला दाखवा, रंगकाम सुट्टीत करा, ओलं घासून करा. त्याला जादा निधी लागत नाही. विहाराच्या रंगकामाला वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळालाही हेच विचारा.

आंधळगावच्या त्या घरी आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. त्या दिवशी लेकराचे हात-तोंड धुऊन, मायलेकरांना शेजारच्या घरी बसवून, आम्ही आणि तिच्या नवऱ्याने फरशी ओल्या फडक्याने पुसून काढली होती. पुढचा रंग त्याने एकट्याने, अंगणात, पाण्याने घासून काढला. आलमारी निळी झाली होती. मुलाला दाखवायला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं आणि रक्ताचा नमुना पाठवला होता. अहवाल यायचा होता. तो चांगला येईल असं आम्ही तिला म्हटलं नाही. वाट पाहू, सोबत आहोत, एवढंच म्हटलं.

निघताना ती म्हणाली, "सिस्टर, पलीकडच्या काकूच्या घरी बी जुनी आलमारी आहे. परवा कलर काढनार होत्या. मी जाऊन सांगून आली, पान्यानं घासा म्हनून."

एका घराने दुसऱ्या घराला सांगितलं, की आमचं अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं हा अंक वाचून तुम्ही करा. या वर्षी कोणाच्या घरी रंग निघतो आहे, जरा विचारून या.

जयभीम.